न दिसणारा फोल्डर

दादा, तुझा फोल्डर सापडला.

तू गेल्यानंतर तुझ्याशी बोलायचं पहिलं वाक्य हे असेल, असं मला वाटलं नव्हतं. पण मला माहीत आहे, तुलाही हेच आधी ऐकायचं असणार. तू लगेच विचारलं असतंस, "कोठी व्हता? कसा सापडला? पहिले कोणाले दिसला?" आणि मी नेहमीसारखं "सापडला ना, झालं तर मग" म्हणून विषय संपवला असता. या वेळी संपवत नाही. पहिल्यापासून सांगते.

तुझी तेरवी आटोपली, तुझा वैभव नाशिकला त्याच्या नोकरीवर परत गेला, मी अमरावतीला कॉलेजात रुजू झाले. त्यानंतर आठेक दिवसांनी शोभावहिनींचा फोन आला. मी नुकताच घरी येऊन चहा टाकला होता. वहिनी आपणहून फोन करत नाहीत. तीस वर्षांत त्यांनी मला दोनदा फोन केला, एकदा आई गेली तेव्हा आणि एकदा तू गेलास तेव्हा. त्यामुळे नाव दिसल्याबरोबर मी गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसून घेतलं.

"बाई," त्या म्हणाल्या, "माह्या हातून याईचं लिवलेलं पुसल्या गेलं."

पुढचं त्यांच्याकडून तुकड्यातुकड्यांत कळलं. तू दिसावास म्हणून त्यांनी कम्प्युटर लावला होता. फोटो त्यातच आहेत, एवढं त्यांना ठाऊक होतं. तू कुठलं बटण दाबतोस हे रोज पाहिलेलं, म्हणून लावता आला. मग पडद्यावर एक चौकट आली, इंग्रजीत काही लिहिलेलं, खाली दोन बटणं. त्यांनी डावं दाबलं. चौकट गेली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की तुझा पिवळा डब्बा जागेवर नाही. डावीकडच्या ओळीत वरून तिसरा. तू रोज संध्याकाळी मळ्याच्या गेटचं कुलूप लावून आलास की त्यावरच दोनदा टकटक करायचास, एवढंच त्यांना त्या डब्याबद्दल माहीत होतं. आत काय आहे, ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"दोन वर्सं लिवलं त्याईनं. मी एका बोटानं पुसलं," असं त्या तीनदा म्हणाल्या. मी सांगितलं, पुसलं गेलेलं बऱ्याचदा परत आणता येतं, मी येते, तोवर कम्प्युटरला हात लावू नका. त्या म्हणाल्या, हात कोण लावते, मी त्याच्यावर चादर टाकून ठेवली हाये.

त्या रात्री मला आठवलं ते तू कम्प्युटर आणलास त्या दिवसाचं. अकोटचं एक सायबर कॅफे बंद पडत होतं, तिथून वैभवच्या शिक्षणासाठी तू तो टेम्पोत झेंडूच्या पोत्यांमध्ये घालून आणला होतास. वैभव शिकून गेला, त्यानं लॅपटॉप घेतला, आणि हा कोपऱ्यात पडला. मग एक दिवस तू त्याच्यावरचं कापड काढलंस. फुलांचा आणि भाजीचा मळा सांभाळणारा माणूस, वय पंचावन्न, आठवीनंतर शाळेत न गेलेला. मला फोन करून तुझा पहिला प्रश्न होता, "सुमन, याले माऊस म्हणते, म्हणजे उंदीर. मंग याची शेपटी पुढून कावून निंघते?"

मी हसले होते. मी सतरा वर्षं कम्प्युटर शिकवते, दादा. माउसची वायर पुढून निघते आणि उंदराची शेपटी मागून, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

मग प्रश्न सुरूच झाले. लाइट गेली तरी कम्प्युटरच्या कोपऱ्यातलं घड्याळ बरोबर वेळ कसं दाखवतं. कीबोर्डवर अक्षरं एबीसीडीच्या क्रमानं कावून नाहीत. फोटो मोठा करत गेलं की शेवटी चौकोनच कसे दिसतात, पाकळी कुठे जाते. तू सकाळी विचारायचास, दुपारी विचारायचास, माझ्या प्रात्यक्षिकाच्या तासाला विचारायचास. दोन वर्षांपूर्वी परीक्षेच्या दिवसांत एकदा लागोपाठ तीन फोन आले आणि मी वैतागले. मी म्हणाले, "दादा, दर वेळी फोन नको करू. डेस्कटॉपवर एक फोल्डर बनव, जे विचारायचं ते त्यात लिहून ठेव. मी आले की एकदम बघू."

तू म्हणालास, बरं. आणि फोल्डर कसा बनवायचा, एवढं त्याच फोनवर विचारून घेतलंस.

मी त्यानंतर तुमच्याकडे अकोल्याला सहा-सात वेळा तरी आले असेन. दर वेळी जेवण झालं की तू त्या खोलीकडे बघून म्हणायचास, "बसतं का थोडंसं?" मला कधी बस गाठायची असायची, कधी पेपर तपासायचे असायचे. मी म्हणायचे, पुढच्या वेळी नक्की. तू कधी आग्रह केला नाहीस. पिशवीत गिलके आणि वांगी भरून द्यायचास आणि स्टँडपर्यंत सोडायला यायचास.

तर मी गुरुवारी निघाले. सकाळची बस होती, मूर्तिजापूरच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर फुलली होती. तुला ती पिवळी-लाल फुलं बघून काय विचारावंसं वाटलं असतं, याचा मी खिडकीशी बसून अंदाज घेत होते. मला एकही प्रश्न सुचला नाही. मला उत्तरं येतात, दादा. प्रश्न पडणं हे निराळंच काम आहे, आणि ते आपल्या घरात फक्त तू करत होतास.

मार्गशीर्षातला गुरुवार म्हणून गेटवर बायकांची गर्दी होती. वहिनी शेवंती मोजून देत होत्या, पाच फळं मागणाऱ्यांना समोरच्या दुकानाचा पत्ता सांगत होत्या, चेहऱ्यावर काही नाही. मला पाहिलं आणि हातातली फुलं तशीच टोपलीत ठेवली. आत आल्यावर पाणी दिलं आणि म्हणाल्या, "पहिले ते पाहा. जेवण मंग."

कम्प्युटरवरची चादर त्यांनीच काढली. मी चालू केला. मागे तुझी गुलाबाच्या वाफ्याची तसबीर आली, त्यावर डावीकडे चित्रांची ओळ. वहिनी माझ्या पाठीशी उभ्या होत्या. सगळ्यात वर कम्प्युटरचं चित्र, खाली कचरापेटी, मग एक जागा मोकळी, मग फोटोंचा फोल्डर, मग पत्त्यांचा खेळ आणि इतर दोन-तीन.

मी नेहमीच्या रस्त्यानं गेले. आधी कचरापेटी उघडली. त्यात वैभवचे जुने कागद आणि एक दुहेरी आलेला फोटो होता, तुझा फोल्डर नव्हता. मग लपवलेल्या फाइली दाखवायचा पर्याय चालू केला. काही आलं नाही. मग शोधण्याच्या चौकटीत फोल्डरचं नाव टाकलं. नाव मला ठाऊक होतं, तूच सांगितलं होतंस, 'सुमनले विचाराचं'. कम्प्युटरनं सगळं धुंडाळलं आणि सांगितलं की या नावाचं इथे काही नाही.

माझ्या मनात उत्तर तयार झालं होतं. कचरापेटीत न जाता थेट पुसला गेला असणार. ती तिसरी मोकळी जागा मला त्याचीच खूण वाटत होती.

वहिनीही त्या जागेकडेच बघत होत्या. वाफ्यात ओळीनं रोपं लावल्यावर एखादं मरतं आणि मध्ये जागा पडते, त्याला आपल्याकडे नांगी म्हणतात. ती दिसली की वहिनी दुसरं रोप आणून लावल्याशिवाय पुढे जात नाहीत. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"बाई, ही नांगी कावून राहिली?"

मी म्हटलं, फोल्डर तिथं होता ना, म्हणून.

"नाई नाई. याईनं काई काढलं, का खालचे वर सरकत. मी हार गुंफत इथंच बसो रोज. कधी नांगी राहाची नाई. आता खालचे वर कावून नाई सरकले?"

दादा, मी सतरा वर्षं शिकवते, याची मला तेव्हा लाज वाटली. मी उजवं बटण दाबून पाहिलं. चित्रं आपोआप ओळीत लावायचा पर्याय चालू होता. म्हणजे फोल्डर खरंच पुसला असता तर फोटोंचा फोल्डर सरकून तिसऱ्या जागी आला असता. तो सरकला नव्हता, कारण तिसरी जागा रिकामी नव्हतीच. तिथे काहीतरी उभं होतं, आणि ते आम्हाला दिसत नव्हतं.

मी माउस त्या जागेवर नेला आणि एकदा दाबलं. गुलाबाच्या वाफ्यावर एक फिकट निळा चौकोन उमटला. आत चित्र नाही, खाली नाव नाही.

आणि मग मला आठवलं. गणपतीच्या दिवसांत तू फोनवर विचारलं होतंस, एखादा फोल्डर कोणालाच दिसू नये असं करता येतं का. मी तुला ती गंमत सांगितली होती, जी मी दर वर्षी पोरांना शेवटच्या तासाला सांगते. फोल्डरचं नाव बदलायला घ्यायचं, आल्ट दाबून ठेवायचं, उजवीकडच्या आकड्यांवर शून्य-एक-सहा-शून्य टाकायचं; नावाच्या जागी फक्त न दिसणारी मोकळी जागा राहते. मग फोल्डरचं चित्र बदलायला जायचं. तिथे शेकडो चित्रांच्या यादीत दोन-तीन घरं कोरी असतात, त्यातलं एक निवडायचं. फोल्डर तिथेच राहतो, उघडतो, चालतो. फक्त दिसत नाही. तू तेव्हा सगळं दोनदा वदवून घेतलंस. मी विचारलं होतं, काय लपवायचं आहे रे? तू म्हणालास, "काई नाई. होते का पाहून राहिलो."

मी वहिनींना म्हटलं, "तुमच्या हातून काही पुसलं गेलेलं नाही. दादानंच लपवला आहे. तुम्ही दाबलं ते बटण दुसऱ्याच कशाचं असेल."

वहिनी पलंगावर बसल्या. मग पदर तोंडाला लावला, आणि तू गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा मोकळं रडताना पाहिलं. थोड्या वेळानं डोळे पुसत म्हणाल्या, दिवाळीनंतर हे नुसतं रिकाम्या जागी टकटक करायचे, मला वाटलं माउस बिघडला; माझं लक्ष हाराकडे, डब्बा तेव्हापासूनच नाही हे ध्यानातच आलं नाही.

मी त्या चौकोनावर दोनदा टकटक केलं.

तुझ्या फाइली किती होत्या ते मी मोजलं नाही. पडदा भरला आणि खाली आणखी होत्या. प्रत्येक प्रश्नाची वेगळी फाइल, प्रत्येकीला नाव. 'उंदीर'. 'घड्याळ'. 'पाकळी'. सुरुवातीच्या कम्प्युटरच्या होत्या, मग हळूहळू दुसऱ्याच आल्या. मी वाचत गेले, वहिनींना मोठ्यानं ऐकवत गेले. काही मी तुलाच वाचून दाखवते:

"चिखलदऱ्याले कॉफी व्हते, आपल्याइकडं नाई. थंडी पाह्यजे म्हणते. मंग जांभळाखाली सावलीत लावून पाहू का?"

"सुमन लहानपणी संत्रं सोलाच्या आधी सालीचा वास घे. अजून घेते का?"

"एकट्या माणसानं सैपाक केला तं वाटीभर भात कसा करते? जास्त व्हते का?"

संत्र्याचा वास अजून घेते, दादा. भात जास्तच होतो. दुसऱ्या दिवशी फोडणीचा करते.

पण सुरुवातीच्या बऱ्याचशा फाइली उघडल्या की त्यात एकही अक्षर नव्हतं, नुसती प्रश्नचिन्हं. ओळींवर ओळी. वहिनींना वाटलं तू चिडून दाबली असशील. तसं नव्हतं, आणि त्यात दोष माझा होता. त्या जुन्या कम्प्युटरवर मराठी लिहिलेलं जपून ठेवायचं तर सेव्ह करताना खालच्या एका चौकटीत पर्याय बदलावा लागतो. नाही बदलला तर तो प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह ठेवतो, आणि मूळचं अक्षर कायमचं जातं. मला हे माहीत होतं. तुला सांगायचं राहिलं. तू कधीतरी "लिवलेलं दुसऱ्या दिवशी वाचता येत नाई" म्हणून तक्रार केलीस तेव्हा सांगितलं, पण तोवर कितीतरी लिहून झालं होतं. त्या फाइलींची नावं तेवढी शाबूत आहेत. एकीचं नाव 'आई'. एकीचं 'बाबाचा राग'. एकीचं नुसतं 'सुमन'. ती सगळ्यात मोठी आहे. मी शेवटपर्यंत बघितली. कुठे जागा सोडली आहेस, कुठे ओळ संपवली आहेस, एवढंच कळतं. ती परत आणता येत नाही. मला येणारं सगळं मी करून पाहिलं.

बाबांच्या रागाबद्दल तुला काय विचारायचं होतं? मी तुझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. बाबांचा राग मी पाहिलेला नाही, माझ्या वाट्याला ते शांत झालेले आले. म्हणजे तू मला विचारणार होतास की मला सांगणार होतास?

मग 'कॉलेज' नावाची फाइल आली. ही वाचता येत होती. एकच ओळ होती.

"त्या दिवशी मी काय चुकीचं विचारलं?"

ही मी वहिनींना लगेच वाचून दाखवू शकले नाही.

तुला आठवतं तसंच मलाही आठवतं. चार वर्षं झाली. आमच्या कॉलेजात शिक्षकांसाठी कार्यक्रम होता, नागपूरचे पाहुणे बोलणार होते. तू बियाणं घ्यायला अमरावतीला आला होतास, मला भाजी द्यायला कॉलेजात आलास आणि मागच्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसलास. शेवटी पाहुण्यांनी विचारलं, कोणाला काही शंका? कोणी हात वर केला नाही. तू उभा राहिलास. "सर, डिलीट केलेलं कोठी जाते?" पाहुणे हसून म्हणाले, काका, कचरापेटीत. तू म्हणालास, "अन् कचरापेटीतून काढल्यावर? कोठी तरी जात असीन नं?" तेव्हा सगळे हसले. माझ्या शेजारच्या मॅडम तर रुमाल तोंडाला लावून हसल्या. मी तुला व्हरांड्यात घेऊन गेले आणि म्हणाले, "दादा, असले प्रश्न इथं विचारायचे नसतात. आणि चार लोकांत थोडं नीट बोलत जा."

तू पिशवी माझ्या हातात दिलीस. बरं म्हणालास. चहा न घेता स्टँडवर गेलास. त्यानंतर अमरावतीला येऊनही माझ्या घरी कधी आला नाहीस. फोनवर तसाच बोलत राहिलास, तसेच प्रश्न विचारत राहिलास, आणि मी स्वतःला सांगत राहिले की दादा विसरला.

तुझा प्रश्न चुकीचा नव्हता. त्या दिवशी त्या खोलीत विचारण्यासारखा तो एकच प्रश्न होता, आणि पाहुण्यांनी त्याचं उत्तर टाळलं. पुसलेलं कुठेही जात नाही. ते जिथे होतं तिथेच राहतं. कम्प्युटर फक्त आपल्या यादीतून त्याचं नाव खोडतो आणि ती जागा मोकळी आहे असं धरतो. दुसरं काही येऊन त्यावर लिहिलं जात नाही तोवर ते तसंच असतं. हे मी पोरांना दर वर्षी दुसऱ्या सत्रात शिकवते, आणि त्या दिवसापासून तो धडा तुझाच प्रश्न फळ्यावर लिहून सुरू करते. तुझ्याच शब्दांत, 'कोठी' सकट. पोरं आधी हसतात आणि मग विचारात पडतात. चार वर्षांत चार तुकड्यांना मी तो प्रश्न दिला. कोणाचा आहे ते सांगितलं नाही, आणि तुला तर नाहीच.

चित्र बदललं की फोल्डरच्या आत एक छोटी लपलेली फाइल तयार होते. मी ती उघड करून तिच्यावरची तारीख बघितली. भाऊबीजेच्या आदल्या दिवसाची होती. भाऊबीजेला मी येणार होते. माझं परतीचं तिकीट काढायला मी त्या दिवशी दहा मिनिटं याच खुर्चीवर बसले, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तू "बसतं का थोडंसं" म्हणाला नाहीस. मला बरं वाटलं होतं, तेही सांगते.

म्हणजे वैभवपासून नाही, वहिनींपासून नाही. फोल्डर तू माझ्यापासून लपवलास. सणाच्या दिवशी माझ्या नजरेस ती एक ओळ पडू नये म्हणून. की दुसरं काही कारण होतं? मी तुला ओळखते असं समजून मी उत्तर देऊन टाकते आहे. कदाचित गणपतीत शिकलेली गंमत तू खरंच नुसती करून पाहिलीस. हे आता मला कळणार नाही.

वहिनी मागून म्हणाल्या, "काय लिवलं हाये?"

मी वाचून दाखवलं. व्हरांड्यातलं सगळं सांगितलं. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं; तू त्या दिवशी घरी येऊन कार्यक्रम चांगला झाला एवढंच सांगितलं होतंस. त्या मला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मंग आता सांगा नं त्याईले."

मी पडद्याकडे तोंड करून सांगितलं. "दादा, तू चुकीचं काईच नाई विचारलं. बराबर विचारलं. मीच चुकली." कितीतरी वर्षांनी आपली बोली माझ्या तोंडात आली आणि ती अडखळली नाही, याचं मला त्याही क्षणी नवल वाटलं.

त्यानंतर आम्ही जेवलो. वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकर, वहिनींनी दीड भाकर खाल्ली. मग परत येऊन बसलो, कारण फोल्डर तसाच ठेवणं आम्हा दोघींनाही बरं वाटत नव्हतं. वहिनी म्हणाल्या, मला शिकवा, मी करते. मी खुर्ची त्यांना दिली. माउस त्यांनी आधी दोन्ही हातांनी धरला, मग एका हातानं. न दिसणाऱ्या जागेवर उजवं बटण, सगळ्यात खालचा पर्याय, वरच्या पट्टीतलं शेवटचं पान, तिथे चित्र बदलायचं बटण. पुढच्या चौकटीत 'पहिल्यासारखं कर' अशा अर्थाचं एक बटण असतं. ते त्यांनी दाबलं, बाकीच्या चौकटी मी बंद करून घेतल्या.

पिवळा फोल्डर त्याच्या जागी आला. वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, आला बाप्पा. मग नाव. मी विचारलं, तेच ठेवायचं का? त्या म्हणाल्या, याईनं ठेवलेलं बदलू नका. एकेक कळ मी दाखवली, त्यांनी दाबली. पाव तास लागला.

बस पाचची होती. मी म्हटलं, एवढी शेवटची फाइल बघू आणि निघते. तिचं नाव 'शोभा' होतं. तू गेलास त्याच्या तीन दिवस आधीची. ती मी मोठ्यानं वाचली.

"शोभाले पूर्णेत पोहता येत व्हतं असं तिच्या भावानं दिवाळीत सांगतलं. एवढ्या वर्सात मले माहीत नाई. आता कसं विचारू? तू बाई हायेस, तू सांग."

मी वळून वहिनींकडे पाहिलं तर त्या हसत होत्या. डोळ्यांत पाणी होतं आणि हसत होत्या.

"येत व्हतं," त्या म्हणाल्या. "अजूनही येईन." तेल्हाऱ्याकडच्या त्यांच्या माहेरी उन्हाळ्यात नदीच्या पात्रात डांगरवाड्या, म्हणजे खरबुजांचे मळे, असायचे. पलीकडच्या काठची डांगरं गोड म्हणून त्या आणि त्यांची मैत्रीण डोहातून पोहत पलीकडे जायच्या आणि एकेक डांगर पाण्यावर ढकलत आणायच्या. लग्न झालं, कोणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही.

"याईनं विचारलं असतं तं मी नेलं असतं त्याईले नदीवर," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण आले नसते. पाण्याले लय भेत व्हते ते."

मी म्हटलं, "दादा? पाण्याला?"

"तुमाले मालूम नाई?"

पन्नास वर्षं मी तुझी बहीण आहे, दादा. मी पर्स खाली ठेवली आणि पलंगावर वहिनींसाठी जागा केली.

"नाई मालूम, वहिनी. सांगा."